सर्व्हर मेला, की नुसता बोलत नाहीये?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, आपले सगळे विभाग बंद केले. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्स्पायरी होती. वायदे आणि ऑप्शनचे सौदे मिटवायचा शेवटचा दिवस तोंडावर आलेला, आणि बाजार बंद. दलाल स्ट्रीटवरचा बीएसई मात्र चालू होता. एनएसई पुन्हा कधी उघडेल, आज उघडेल का, हे दुपारभर कुणालाच नक्की सांगता येईना. त्यामुळे अनेक ब्रोकरांनी साडेतीनच्या आत ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाला बंद करून टाकले. मग पावणेचारला एनएसई उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालला. ज्यांचे सौदे आधीच बंद झाले होते, ते मोबाइलवर भाव बघत बसले.

एनएसईकडे जोड नव्हती असं मुळीच नाही. दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या. मुख्य केंद्राजवळ दुसरं केंद्र होतं. चेन्नईला तिसरं होतं. तरीही चार तास गेले. हे कसं होतं, हे समजायला जरा मागे जावं लागतं. मला त्यात रस असायचं कारण सरळ आहे: मी पोटापाण्यासाठी हेच करते. वसई पूर्वेला कामणमध्ये घरी बसून, काळ्या टर्मिनलवर आज्ञा टाइप करून, एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. शेअर बाजाराएवढे मोठे नाहीत, पण बंद पडलेले कुणाला चालत नाहीत.

अशा सर्व्हरांच्या जोडीला किंवा त्रिकुटाला ‘हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर’ म्हणतात. प्रत्येक मशीन म्हणजे एक नोड. नोड एकमेकांना सतत छोटे निरोप पाठवत राहतात: मी आहे, मी आहे, मी आहे. याला हार्टबीट म्हणतात, हृदयाचे ठोके. एकाचे ठोके ऐकू येईनासे झाले की दुसरा त्याचं काम उचलतो. डेटाबेस तिकडे सुरू होतो, आयपी पत्ता तिकडे जातो, आणि ॲप वापरणाऱ्याला फार तर एक झटका जाणवतो. टर्मिनलवर ‘पीसीएस स्टेटस’ टाइप केलं की ही सगळी वंशावळ समोर येते: कोणता नोड ऑनलाइन, कोणती सेवा कुणाकडे.

सगळं ठीक असतं तेव्हा हा पडदा कंटाळवाणा असतो. पण एका नोडचे ठोके थांबले की त्याच्या नावापुढे जो शब्द उमटतो तो बघण्यासारखा आहे. तिथे ‘मृत’ असं येत नाही. ‘अनक्लीन’ असं येतं. अर्थ असा, की याचं काय झालंय ते ठाऊक नाही. तो मेला असेल. किंवा ठणठणीत असेल, लोकांना सेवाही देत असेल, फक्त आमच्यामधली तार तुटली असेल. आणि तो तिकडे बसून आमच्याबद्दल हेच म्हणत असेल.

इथे घाई केली तर काय होतं? दोन्ही नोड स्वतःला मालक समजतात, दोघंही एकाच डेटावर लिहायला लागतात, आणि काही सेकंदांत त्या डेटाची माती होते. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. मी ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कॉम्प्युटर आठवला नाही. पानिपत आठवलं.

१४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ रणात दिसेनासे झाले. त्यांच्या मृत्यूबद्दल शंका राहिली. पार्वतीबाईंनी तो मानलाच नाही, १७८३ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत सौभाग्यलेणं उतरवलं नाही. सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर भाऊसाहेब ‘अनक्लीन’ राहिले. आणि मग एक माणूस उभा राहिला, ‘मीच तो भाऊ’ म्हणणारा. पेशवे दरबाराने त्याला तोतया ठरवून कैदेत टाकलं. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला, लोक त्याच्याकडे जमले, कोकणातले किल्ले एकेक करून त्याच्याकडे गेले. किल्लेदारांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पुण्याहून एक हुकूम येतोय, समोर उभा असलेला ‘भाऊ’ दुसराच हुकूम देतोय, आणि खरं-खोटं करायला पुण्याला जाऊन यायचं तर दिवस लागणार. ज्याचा हुकूम आधी आला तो मानला. शेवटी तोतया रघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि वर्षअखेरीस त्याला पुण्यात देहदंड झाला. पंधरा वर्षांपूर्वीचा एक मृत्यू नक्की न ठरल्याची ही किंमत होती.

कायद्यालाही हा प्रश्न पडलेला आहे. एखादा माणूस सात वर्षं बेपत्ता असेल, ज्यांना त्याची खबर मिळायला हवी त्यांना ती मिळाली नसेल, तर तो हयात आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते, असं आपला पुरावा कायदा सांगतो. माझ्या क्लस्टरमध्ये हीच मुदत काही सेकंदांची असते. कायद्याचा टाइमआउट जरा मोठा आहे, एवढंच.

कॉम्प्युटरच्या जगात पहिला उपाय निघाला तो शंका मशीनच्या आतच मिटवायचा. १९७४ मध्ये जिमी ट्रेबिग यांनी अमेरिकेत टँडम ही कंपनी काढली. तिच्या मशीनचं नाव नॉनस्टॉप, पहिलं मशीन १९७६ मध्ये सिटीबँकेत गेलं. एका प्रोसेसरवर चालणाऱ्या कामाची जोडप्रत दुसऱ्यावर तयार असायची. १९८० मध्ये आलेल्या स्ट्रेटसने आणखी पुढची गोष्ट केली: एकाच बोर्डावर दोन प्रोसेसर, दोघांना तेच गणित, आणि उत्तर जुळलं नाही की ते बोर्ड स्वतःच बाजूला होणार. जोडीचं दुसरं बोर्ड काम पुढे चालू ठेवणार. मशीन कंपनीला आपणहून फोन लावून बिघाड कळवायचं. डेटा सेंटरमधल्या लोकांना पत्ता लागायच्या आत नवं बोर्ड कुरिअरने दारात, असे किस्से या व्यवसायात अजून सांगितले जातात.

मुंबईशी याचा संबंध थेट आहे. ३ नोव्हेंबर १९९४ ला एनएसईवर शेअरचे व्यवहार सुरू झाले. देशभरातले ब्रोकर छतावरच्या व्हीसॅट डिशमधून उपग्रहामार्फत जोडलेले, आणि मध्यभागी स्ट्रेटसचं मशीन. चार महिन्यांत, १४ मार्च १९९५ ला, बीएसईने हातवारे आणि आरडाओरड्याचा रिंगणातला बाजार सोडून ‘बोल्ट’ आणलं, ते टँडमवर. म्हणजे एकाच शहरातले दोन प्रतिस्पर्धी बाजार न थांबणाऱ्या मशीनच्या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांवर उभे राहिले. ज्या मुंबईत तेव्हा घरी फोन लागायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, तिथे हे चाललं होतं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात याचा उल्लेख मला एकदाही भेटला नाही. टीसीपीचं हेडर मात्र तीन सेमिस्टरमध्ये तीनदा काढून घेतलं.

पण मशीन न थांबणारं झालं म्हणून सेवा थांबायची राहिली का? टँडममध्येच काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये एक अहवाल लिहिला. प्रश्न साधा होता: कॉम्प्युटर थांबतात ते का? ग्राहकांकडच्या बंद पडण्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हार्डवेअरचा वाटा १८ टक्के निघाला. सॉफ्टवेअरचा २५. सगळ्यात मोठा, ४२ टक्के, मशीनची व्यवस्था बघणाऱ्या माणसांचा. म्हणजे माझ्यासारख्यांचा. चाळीस वर्षं झाली, टक्के बदलले असतील, क्रम फारसा बदललेला मला तरी दिसत नाही.

दुसरा उपाय डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स क्लस्टरने १९८३ मध्ये आणला: मतदान. प्रत्येक नोडला मत, आणि ज्या गटाकडे बहुमत असेल त्यानेच काम चालू ठेवायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. याला कोरम म्हणतात, आपली गणपूर्ती. याच व्हॅक्स घराण्यातल्या मशीनवर आपल्या रेल्वेचं आरक्षण वाढलं. १९८५-८६ मध्ये दिल्लीत सीएमसीने बनवलेली पहिली यंत्रणा चालू झाली, मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद, आणि १९९९ मध्ये ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. कामण रोड स्टेशनवर उभं राहून तुम्ही कोलकात्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मोबाइलवर काढता, त्याच्या तळाशी ही गोष्ट आहे. (रात्री बाराच्या आसपास आरक्षण काही वेळ बंद असतं, ते मात्र ठरवून. ठरवून बंद ठेवलेलं कुणाला लागत नाही, हाही अव्हेलेबिलिटीचा एक धडाच.)

गणपूर्तीची गंमत आपल्याला सोसायटीच्या वार्षिक सभेमुळे चांगली ठाऊक आहे. लोक जमत नाहीत, सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग तेवढ्याच माणसांत ‘तहकूब सभा’ सुरू होते, तिला गणपूर्ती लागत नाही. क्लस्टरमध्येही अशी पळवाट आहे: ‘कोरम नसला तरी चालू ठेव’ अशी एक सेटिंग असते. सोसायटीत त्याने फार तर रंगकामाचा ठराव चुकीचा होतो. क्लस्टरमध्ये तोतया उभा राहतो.

आणि नोड दोनच असतील तर? एक-एक मत, बहुमत कुणाचंच नाही. लिनक्सवर हे सगळं फुकट मिळायला लागलं तेव्हा हा प्रश्न घरोघरी गेला. १९९० च्या दशकाच्या शेवटी ॲलन रॉबर्टसन यांनी ‘हार्टबीट’ नावाचाच प्रकल्प सुरू केला. पुढे त्यातून अँड्र्यू बीकहॉफ यांचा ‘पेसमेकर’ वेगळा झाला. आज मी वापरते तो हाच. या मंडळींनी दोन नोडच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचं नाव स्टोनिथ. हे आद्याक्षरांचं नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’ असा होतो. समोरचा मेला की नाही हे कळत नाही ना? मग त्याचा वीजपुरवठा बाहेरून तोडा. आता तो नक्की मेला. आता त्याचं काम घ्या.

ऐकायला क्रूर आहे, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. कळत नाही हे कबूल करायचं आणि मग अंदाजावर न चालता वस्तुस्थितीच नक्की करून टाकायची. तरीही इंटरनेटवरच्या निम्म्याअधिक ट्युटोरियलमध्ये पहिल्या दोन-तीन आज्ञांतच स्टोनिथ बंद करायला सांगतात, कारण ते लावायला कटकट आहे. अशा क्लस्टरचं काम मुलाखतीत छान दिसतं.

आता कामणकडे येते, कारण एनएसईच्या गोष्टीचा एक धागा आमच्या रस्त्यावर सापडतो. चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा आमचा रस्ता गोदामांच्या ट्रकांनी भरलेला असतो, आणि कुठे ना कुठे खोदलेला असतो. घरून काम करायचं तर दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्रॉडबँड हवेत, अशी आमच्या ऑफिसची अट. दोन कंपन्या, दोन राउटर, दोन बिलं. एका दुपारी जेसीबीचं एक खोरं खाली गेलं आणि दोन्ही राउटरचे लाल दिवे एकदम लागले. जोडायला आलेल्या दादाने खड्ड्यात वाकून दाखवलं: दोन्ही केबल एकाच पाइपातून आलेल्या. तो म्हणाला, “मॅडम, वरती कंपन्या दोन आहेत, खाली माती एकच आहे.”

एनएसईने २०२१ च्या त्या घटनेचं जे कारण नंतर सांगितलं ते जवळपास हेच होतं. मुख्य केंद्र आणि जवळचं केंद्र यांच्यामधल्या, दोन कंपन्यांच्या लाइन अस्थिर झाल्या. रस्त्यावरच्या खोदकामामुळे आणि बांधकामामुळे.

पण नुसत्या तारा तुटल्याने बाजार थांबायला नको होता. तिथे खरी गोष्ट सुरू होते. जवळचं केंद्र असतं ते एकही नोंद हरवू नये म्हणून: मुख्य केंद्रात लिहिलेलं प्रत्येक अक्षर लगेच तिकडेही लिहिलं जातं आणि मगच ‘झालं’ असं म्हटलं जातं. हे लांबच्या शहराशी करता येत नाही, कारण काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. चेन्नईला जाऊन परत यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक सौद्यामागे तेवढं थांबणं बाजाराला परवडत नाही. म्हणून जवळ एक, लांब एक. त्या दिवशी तारा डळमळल्या तेव्हा डेटा साठवणारी यंत्रणा, जिला सॅन म्हणतात, अनपेक्षित वागली आणि मुख्य केंद्रातल्या सर्व्हरना स्वतःचाच साठा दिसेनासा झाला. जोडीदार हरवला म्हणून घरातला शहाणाही गप्प. सौदे जुळवणारी यंत्रणा ठीक होती. बंद पडली ती एनएसई क्लिअरिंगची जोखीम मोजणारी यंत्रणा. कोणत्या ब्रोकरने आपल्या ठेवीच्या किती पट सौदे केलेत हे ती बघते. ती नसताना बाजार चालू ठेवणं म्हणजे ब्रेकशिवाय घाट उतरणं. तेव्हा बाजार बंद केला, हे बरोबरच केलं.

मग चेन्नईला का गेले नाहीत? सगळं मुंबईतच दुरुस्त करून पावणेचारला चालू केलं. त्या खोलीत काय बोलणं झालं असेल ते मी सांगू शकत नाही, पण असे कॉल कसे चालतात ते मला माहीत आहे. लाइन तुटली नाहीये, येते-जातेय. कुणीतरी म्हणतं, दहा मिनिटं द्या. दहा मिनिटांनी खरंच थोडं सुधारतं. लांबच्या केंद्रावर जायचं म्हणजे शेवटच्या काही नोंदी तिथे पोचल्यात का ही धाकधूक, आणि परत यायचं म्हणजे आणखी एक रात्र. प्रत्येक दहा मिनिटांना ‘अजून दहा’ हाच शहाणपणाचा निर्णय वाटतो. असे सलग शहाणे निर्णय घेत चार तास जातात.

घाई केली असती तर? तेही उदाहरण आहे, आणि तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांचा त्या दिवशी खोळंबा झालेला असेल. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तिथे निर्णय माणसाकडे नव्हता. सॉफ्टवेअरने चटकन ठरवलं की पूर्व गेली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मालक केलं. ४३ सेकंदांनी पूर्व परत आली तेव्हा तिच्याकडे अशा काही नोंदी होत्या ज्या पश्चिमेकडे नव्हत्या, आणि पश्चिमेकडे तोवर नवं लिहिणं सुरू झालेलं. दोन भाऊसाहेब. हा गुंता सोडवायला गिटहबला २४ तास ११ मिनिटं लागली.

वीजवाल्यांनाही हे चुकलेलं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या. आमच्याच रस्त्याने भिवंडी ओलांडून पुढे गेल्यावर पडघा लागतं, तिथून कळव्याला जाणारी उरलेली वाहिनीही बंद करावी लागली, आणि सगळा भार पेलवेना. अशा वेळी मुंबईने स्वतःला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून घ्यायचं, बेट व्हायचं, आणि आपल्या केंद्रांवर जगायचं, अशी योजना १९८० च्या दशकापासून होती. स्टोनिथचंच उलटं रूप. त्या दिवशी बेट टिकलं नाही. तोडायचा क्षण काही सेकंदांचाच असतो. एनएसई आणि बीएसई मात्र त्या सोमवारी नेहमीसारखे चालले. वीज गेली ती स्पष्ट गेली, त्यात शंकेला जागाच नव्हती, जनरेटर लागले. चार महिन्यांनी जे हरलं ते अर्धवट गेलेल्या तारेपुढे हरलं.

या प्रकरणानंतर बाजार नियामक सेबीने जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. २२ मार्च २०२१ च्या परिपत्रकात सेबीने आणखी तारा ओढा, आणखी मशीन घ्या यापेक्षा वेगळीच गोष्ट सांगितली. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची. जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांच्या आत लांबच्या केंद्रावरून काम सुरू झालं पाहिजे. ते केंद्र वेगळ्या भूकंपक्षेत्रात, ५०० किलोमीटर तरी दूर हवं. यातले ३० मिनिटं हे मशीनसाठी नाहीत. ते त्या खोलीतल्या माणसांसाठी आहेत. पेसमेकरच्या कॉन्फिगमध्ये आम्ही जी संख्या लिहितो, किती वेळ ठोके ऐकू आले नाहीत की थांबायचं, तीच संख्या सेबीने व्यवस्थापकांसाठी लिहिली. ‘अजून दहा मिनिटं’ तीनदाच म्हणता येईल, चौथ्यांदा नाही. २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंगने आरोप मान्य किंवा अमान्य न करता मिळून ७२ कोटींहून जास्त रुपये भरून हे प्रकरण मिटवलं. ज्या ग्राहकांचे सौदे त्या दुपारी भलत्या भावाला बंद झाले, त्यांचा हिशेब तेवढ्याने पुरा झाला असं मी म्हणणार नाही.

पण लिहिलेली संख्या आणि वापरून बघितलेली संख्या यात फरक असतो. आम्हीही क्लस्टर लावून झाल्यावर चांगल्या चालणाऱ्या नोडची तार मुद्दाम काढतो, टर्मिनलवर ‘पीसीएस स्टेटस’ दर सेकंदाला ताजं होत राहील असं ठेवतो आणि हाताची घडी घालून बघत बसतो. ऑनलाइन, अनक्लीन, मग ऑफलाइन. मधले ते ‘अनक्लीन’चे सेकंद फार लांब वाटतात.

२ मार्च २०२४ ला शनिवारी बाजार उघडा होता, आठवत असेल. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून ‘आज सुट्टी नाही का’ हाच प्रश्न फिरत होता. सव्वानऊ ते दहा एनएसईने मुख्य केंद्रावरून व्यवहार केले आणि थांबवले. मग खरे ब्रोकर, खरे पैसे आणि खरे सौदे घेऊन तो आपत्तीच्या वेळच्या केंद्रावर गेला. तिथून बाजाराचं दार पुन्हा उघडलं ते सव्वाअकराला, दहा वाजल्यापासून ७५ मिनिटांनी. तीस अधिक पंचेचाळीस.